‘सा’खालचं टिंब

ओल्या रंगाचा वास आला की हमरापूरचा आमचा गणपतींचा कारखाना आठवतो. कंपनीतल्या शिफ्टचं कारण सांगून मी वडलांचं भजन वर्षानुवर्षं चुकवलं होतं. पेटी वाजवताना त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा कुठे लाज वाटून, चाळिशीत, रोह्याच्या एका बाईंकडे पेटी आणि स्वरलिपी शिकायला लागलो. स्वराखाली टिंब असेल तर तो खालच्या सप्तकातला, एवढं पक्कं झालं होतं. एका संध्याकाळी वडलांच्या भजनाला मी पहिल्यांदा साथ करणार होतो; मला जमलं नाही, तर ते आपली पेटी भजनी मंडळाला देऊन टाकणार होते. त्या दुपारी ते मूर्ती रंगवत होते आणि मी शेजारी बाईंनी लिहून दिलेला कागद बघून वाजवत होतो. एका ओळीत ‘सा’ एकदम खाली गेला. “कुठं उतरलास रे?” त्यांनी विचारलं. मी ठामपणे टिंबावर बोट ठेवलं. त्यांनी कागद घेतला आणि नखाने ते टिंब खरवडून टाकलं. “हे बाईंचं नाय, माझं हाय. पितांबर रंगवताना शिंतोडा उडालाय. कंपनीतपण असंच वाचतोस काय?” आम्ही दोघंही हसलो. संध्याकाळी मी वाजवलं, ते गायले. पेटी अजून माझ्याकडेच आहे, आणि नवा कागद समोर ठेवला की आधी मी त्यावरून नख फिरवतो.