कुणाचं यान मोठं

कॉलेजात असताना नरखेडहून नागपूरला येणाऱ्या एसटीत मी आणि माझा मित्र हमरीतुमरीवर आलो होतो. दिवाळी अंकांतल्या दोन विज्ञानकथांमधलं कुठलं अंतराळयान मोठं, हा वाद. त्याच्या यानात नागपूरची अख्खी सीताबर्डी बाजारपेठ मावायची, पण राहणारा माणूस एकच. माझं यान जेमतेम एसटीएवढं, त्यात दहा-बारा जणांची दाटी.

पुढच्या सीटवरची बाई मांडीवरची संत्र्यांची पिशवी सांभाळत मागं वळली. डोक्यावरचा पदर सारखा करत तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुह्यं यान मोठं गा," ती मला म्हणाली. "माह्या पोरीचं घर पाच खोल्यायचं हाय नागपुरात. नवरा सदा फिरतीवर, शेजारी कोणी नाही. बोलाले माणूस नाही तं पाच खोल्या काय चाटाच्या हायेत? तिले चार महिने माहेरी आनाले चालली मी."

"जावई रागावले तर?" मित्रानं विचारलं.

"रागावू दे. संत्री देईन त्याले."

स्टँडवर तिची मुलगी आधीच ट्रंक घेऊन उभी होती. आईला पाहताच ती जी बोलायला लागली, ती आम्ही रस्ता ओलांडून पलीकडे जाईपर्यंत थांबली नव्हती.