टीपकागदावरचा पिवळा डाग

छप्पन साली धम्मदीक्षा घेतल्यावर मायनं घरातले सगळे देव नदीत सोडले. उपास सोडले, नवस सोडले. पण इंग्रजी औषध अंगाला गरम पडतं, ते दुधासोबतच घ्यावं, हे काही तिनं सोडलं नाही. अकोल्यात आमच्या दारात शेळी बांधलेली असायची, ती जणू त्यासाठीच.

पुढं काही वर्षांनी तिला परसाकडे रक्त पडू लागलं. बाप म्हणाला, मूळव्याध. शेजारी राहणारी मावशी, मायची धाकटी बहीण, तीही म्हणाली मूळव्याध. वैदूनं तर न बघताच सांगितलं. सुरण खाऊन खाऊन घरादाराला वीट आला आणि माय वाळतच गेली. मी तेव्हा शाळेत शिकवत होते, आणि तोंडाळ म्हणून गल्लीत माझी ख्याती होती. तिला डॉक्टरकडे नेते म्हटल्यावर मावशीनं कपाळावर हात मारला.

"बाईच्या जातीनं तिथं दाखवाव काय परक्या माणसाले?"

"मेल्यावर त समदेच पाहतीन मले," माय म्हणाली, आणि तिनं चपला घातल्या.

डॉक्टर तरुण होता, मुंबईत शिकून आलेला. त्याच्याकडे एक जांभळा दिवा होता. पोरांच्या डोक्यातला नायटा त्या उजेडात चमकतो, म्हणून आणलेला. त्यानं वाचलं होतं, की टेट्रासायक्लिनच्या गोळ्या काही दिवस दिल्या की ते औषध कर्करोगाच्या गाठीत मागं राहतं आणि अशा दिव्याखाली पिवळं दिसतं. आत बघायची त्याची नळी आतड्यात वरपर्यंत पोचत नव्हती. तेव्हा गोळ्या द्यायच्या, मग आतडं पाण्यानं धुवायचं, त्या पाण्याचा गाळ टीपकागदावर वाळवायचा आणि अंधारात बघायचा.

"ही नुसती खूण आहे, खात्री नाही," तो म्हणाला. "पण खूण दिसली तर थांबू नका, नागपूरला न्या."

खूण दिसली नाही. कागद काळाच राहिला. घरी शिरा झाला, बाप कितीतरी दिवसांनी हसला. मी माझी वाटी तशीच सरकवून ठेवली. रक्त तर त्या सकाळीही पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मायला घेऊन परत गेले आणि डॉक्टरला सुनावलं, "तुमचा दिवा खोटं बोलतो. पुन्हा करा."

तो चिडला नाही, हे त्याचं मोठेपण. त्यानं मायला विचारलं, "गोळ्या रोज घेतल्या ना? कशासोबत?"

"दुधासंगं. पेलाभर."

त्यानं हातातला पेन खाली ठेवला. दुधामुळं हे औषध अंगात नीट मुरतच नाही म्हणाला, आणि हे आधी सांगायला हवं होतं, असंही म्हणाला. पुन्हा गोळ्या दिल्या. माय कुरकुरली, तोंड येईल म्हणाली. मी शेळी सोडली आणि मावशीच्या दारात नेऊन बांधली.

या वेळी मायनं हट्टच धरला, की मीही बघणार. अंधाऱ्या खोलीत दिवा लागला. कागदावर ज्वारीच्या दाण्याएवढा पिवळा डाग लकाकत होता.

"हे माह्या पोटातलं हाय?"

"हो."

माय त्या डागाकडं रोखून बघत राहिली. मग म्हणाली, "सापडलं न आता? काढा त्याले."

नागपूरला गाठ निघाली. पोटावर वीतभर व्रण घेऊन माय घरी आली. बाप म्हणाला, कोणाला सांगू नको. "काहून? चोरी केली काय म्या?" असं म्हणून तिनं नळावर सगळ्या बायांना मोठ्यानं सांगितलं, की रगत दिसलं त बोला, आन गोयी पाण्यासंगं घ्या. बाया पदरात हसायच्या. मला तिचा असा अभिमान वाटायचा, की सांगता सोय नाही.

एका दुपारी मावशी आली आणि दाराशीच उभी राहिली.

"बाई, मलेही रगत पडून राहिलं."

"कधीपासून?"

"तुह्या आंधीपासून."

मायला इतकी संतापलेली मी कधी पाहिली नव्हती. "मंग तवा काहून नाई बोलली, भवाने?" ती ओरडली, तिचे डोळे भरून आले, आणि तिनं चपला घातल्या.