सीताबाईचे टाक

सुरतेजवळच्या सचिन गावातल्या कारखान्यात कापड रंगवणारा लिंबायतचा नागनाथ. एकदा ठरवलं की कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. शहाऐंशी साली त्याने विहारात बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि घरी येऊन काय केलं, तर मायच्या पेटीतलं टाकांचं गाठोडं उचललं आणि तापीच्या पुलावरून खाली! टाक म्हणजे बोटभर चांदीचे पत्रे, वर मूर्ती ठोकलेल्या. मायने, म्हणजे सीताबाईने, देव्हारा आधीच आपण होऊन मोडला होता. गाठोडं तेवढं पेटीत जपलं होतं. ती बोलली नाही की भांडली नाही. दुसऱ्या दिवशी धाकट्या लेकाकडे चलथाणला गेली, ती गेलीच.

"म्हातारीला देव सुटत नाहीत," नागनाथ येईल-जाईल त्याला सांगायचा. अकरा वर्षं हेच तुणतुणं!

त्याची पोर स्वप्ना एम.ए.ला होती. अमेरिकन कादंबऱ्यांतला दुरावा आणि धर्माची प्रतीकं, असा जडजंबाल निबंध लिहीत होती. नागनाथला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण अभिमान केवढा! जेवताना म्हणाला, "सांग की एखादी गोष्ट."

स्वप्नाने सांगितली. गव्हाच्या मुलखातला एक म्हातारा. मुलाचा देवावरचा विश्वास उडाला, त्याने भिंतीवरचा क्रूस काढून चुलीत घातला. म्हातारा घर सोडून गेला.

"बरं केलं पोरानं!" नागनाथ खूश.

"ऐका तर, पप्पा. तो क्रूस म्हाताऱ्याने मेलेल्या बायकोच्या खाटेच्या लाकडातून कोरला होता. मुलाने कधी विचारलंच नाही."

नागनाथने घास ताटात ठेवला. "स्वप्ना," त्याने हळूच विचारलं, "मायने ते गाठोडं कशाला ठेवलं असेल गं?"

"मला काय विचारता? आजीला विचारा."

रविवारी दोघं चलथाणला गेली. सीताबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. लेकाला पाहताच सूप बाजूला सारून ती धडपडत उठली. तोंडभर हसली आणि दोन्ही हात पुढे केले.

"लयना का रे त्यासले?"

"कोणाला, माय?"

"तुना बापले! देव गयात ते जाऊ दे. पण त्यामा तुना बापना टाक व्हता ना. तेवढा तू काढी ठेवा व्हई, राग शांत व्हयना का लई येशी, म्हनीसन वाट देखी ऱ्हायनू."

मेलेल्या माणसाचाही टाक करतात, हे लहानपणी पाहिलेलं नागनाथला आत्ता आठवलं. पागोटं घातलेला तो एक पत्रा चिंचेने त्यानेच कितीदा घासला होता!

"माय," तो म्हणाला, "मी गाठोडं उघडलंच नव्हतं."

सीताबाईचे हात तसेच पुढे राहिले. तिने विचारलं, "तापीना काठले टाकं का मझारमा?"

"मधोमध," नागनाथ म्हणाला.