थोरलीचं काय झालं

आमच्या वाचक मंडळात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक प्रश्न गोल फिरतो. 'सध्या काय वाचताय?' उत्तर द्यावंच लागतं. 'सध्या काही नाही' म्हणणारा माणूस आमच्यात अजून जन्माला यायचाय. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दहाबारा खुर्च्या मांडून आम्ही बसतो, कुणीतरी चिवडा आणतं, डोक्यावरचा पंखा सोलापूरचं ऊन इकडचं तिकडे करत राहतो, आणि एकेकजण पुस्तक छातीशी धरून बोलतो.

मी निवृत्त शिक्षिका. तीस वर्षं मराठी शिकवलं, म्हणून मंडळात माझ्या शब्दाला वजन. ते वजन कशाच्या जोरावर होतं ते आधीच सांगून टाकते. प्रस्तावना, मलपृष्ठ, पहिली चाळीसपन्नास पानं आणि शेवटची दहा. एवढ्या शिदोरीवर मी कुठल्याही पुस्तकावर पंधरा मिनिटं बोलू शकते. तपासणीला आलेल्या साहेबांसमोर न वाचलेला धडा शिकवायची सवय असली की हे जमतं. बाकीचेही बहुतेक त्याच वाटेचे होते हे मला कळत होतं, आणि माझंही त्यांना कळत असणार. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. एकमेकांच्या मुठी आम्ही फार प्रेमानं झाकत होतो.

मंडळाची एक पद्धत होती. पुस्तक नुसतं सुचवायचं नाही, हातात द्यायचं. शेवटच्या कोऱ्या पानावर एक कागद चिकटवलेला असे. वाचणाऱ्यानं त्यावर दोन ओळी अभिप्राय लिहायचा, खाली सही करायची आणि पुस्तक पुढच्याला द्यायचं. शिवाय ग्रुपवर मुखपृष्ठाचा फोटो टाकायचा, शेजारी चहाचा कप ठेवून. कप नसला तर फोटोला शोभा येत नाही, असं अध्यक्षांचं मत होतं. अध्यक्ष म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांचे कप सुरेख असत.

अक्काला मंडळात मी आणलं. ती भवानी पेठेत राहायची, घरी तेलुगू बोलायची आणि बिड्या वळायची. वयानं माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, पण तिच्या गल्लीत सगळ्या तिला अक्का म्हणत, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. एकदा वाचनालयाच्या खिडकीशी ती ग्रंथपालांना विचारत होती, "जाडजूड कादंबरी द्या की सर, ह्या बारक्या दोन दिवसांत संपतात." मला कौतुक वाटलं. खरं सांगायचं तर स्वतःचंच जास्त वाटलं. बिड्या वळणारी वाचक आपण शोधून काढली, ही गोष्ट मी पुढच्या रविवारी तिच्या देखत सगळ्यांना दोनदा सांगितली.

तिची वाचायची तऱ्हा मला फार उशिरा कळली. दुपारी पाचसहा बायका तिच्या अंगणात मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायला बसत आणि अक्का त्यांना मोठ्यानं वाचून दाखवी. मराठीतून वाचायचं, अडलं तिथं तेलुगूतून सांगायचं. हातात पुस्तक असलं की बिड्या वळता येत नाहीत, म्हणून तिच्या वाट्याच्या बिड्या बाकीच्या मिळून वळून देत. तेव्हा पान गाळायची सोयच नव्हती. ज्यांच्या हातांवर ती वाचत होती त्यांना पुढचं ऐकायचं असे.

त्या वर्षी मी एक कादंबरी सुचवली. जंक्शनच्या गावात खाणावळ चालवणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट, चारशे पानांची. मी नेहमीप्रमाणे सुरुवात वाचली, शेवट वाचला. सुरुवातीला दोघी बहिणी होत्या, शेवटी धाकटी एकटीच होती. यावरून मी अभिप्राय लिहिला : 'थोरलीच्या जाण्याविषयी लेखिका जे मौन पाळते, ते मनात घर करून राहतं.' वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की मी ते ग्रुपवरही टाकलं. माझ्यानंतर पुस्तक पाच घरं फिरलं. पाचही जणांनी ते मौन वाचलं. एकानं 'संयत मौन' लिहिलं, एकानं 'बोलकं मौन', आणि अध्यक्षांनी 'न सांगता सारं काही सांगणारी लेखणी' असं लिहून खाली ठसठशीत सही केली.

सहावी अक्का. पुढच्या बैठकीत तिची पाळी आली तेव्हा तिनं पुस्तक उघडून मधोमध धरलं.

"ह्यात शहाण्णवच्या म्होरं एकदम एकशेतेरा हाय. मधली पानंच न्हाईत. शहाण्णववर थोरली हातातला डाव खाली ठेवती, आन् म्होरल्या पानावर ती घरातच न्हाय. बायका माझ्या मागं लागल्यात, थोरलीचं काय झालं म्हणून. काम थांबलं की आमचं. तुमी समद्यांनी वाचलंय, कुणीतरी सांगा तेवढं."

एकेकजण आपापल्या हातातलं पुस्तक चाळायला लागला. सोळा पानं. छापखान्यात बांधताना एक फॉर्मा राहून गेला होता. मराठी पुस्तकं घेणाऱ्याला हे नवीन नाही, दुकानदार मुकाट्यानं बदलून देतो. मला ते त्याच क्षणी कळलं. आणि हेही कळलं, की सहा अभिप्रायांतल्या एकालाही त्या भोकात पाय अडकल्याचं जाणवलेलं नव्हतं. सहाजणांनी त्यावरून उडी मारली असं म्हणावं, तर तिथपर्यंत कुणी पोचलंच नव्हतं.

अध्यक्षांनी पुस्तक हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि वास घेतला. "पुस्तक गल्लीत फिरवलं की असं होतं," ते म्हणाले. मग कुणीतरी मागून म्हणालं, "बिडीत वळली की काय सोळा पानं?"

सगळे हसले. मीही हसले. ते हसू मला अजून तोंडात कडू लागतं.

अक्का हसली नाही. "फाडली न्हाईत ओ," ती म्हणाली. "शिवण बघा. पान ओढलं असतं तर दोरा ढिला पडला असता. दोरा तसाच घट्ट हाय. दिवसभर दोराच बांधते मी, मला कळतंय की." तिनं पुस्तक पुन्हा पुढं केलं. ज्या शहाण्या माणसांना शिवण तपासणं एका मिनिटाचं काम होतं, त्यातल्या एकानंही मान वाकवली नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण पुस्तक माझं होतं. मी विकत घेतलेलं, पहिली वाचक मी. माझ्याकडे असताना पानं होती की नव्हती, एवढंच मला सांगायचं होतं.

मी म्हणाले, "माझ्याकडे होतं तेव्हा होती पानं."

एवढं साधं वाक्य. शाळेत पोरं 'वही घरी राहिली' म्हणायची तेव्हा मी त्यांना खडूनं मारायची. मी खरं बोलले असते तर काय गेलं असतं? तीस वर्षांची अब्रू गेली असती, असं मला तेव्हा वाटलं. माझ्या अब्रूसाठी मी एका बाईला खोटं पाडलं, तेही तिला मंडळात आणल्याची फुशारकी मारून झाल्यावर.

अक्कानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. गणित चुकलेल्या मुलाकडे बघावं तसं. मग पुस्तक पिशवीत घातलं, "भरून देते," एवढंच म्हणाली आणि जिना उतरून गेली. त्या संध्याकाळी ग्रुपवर अध्यक्षांनी लिहिलं, 'पुस्तक कुणाच्या हाती द्यावं याचंही भान हवं.' त्याखाली अंगठे उमटत गेले. त्यात माझाही एक होता.

दोन महिने ती आली नाही. तिसऱ्या महिन्यात ग्रंथपालांनी मला खिडकीशी थांबवून पुस्तक दिलं. त्याला तेलुगू वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं होतं. शहाण्णवपुढं वहीचे कागद होते, पुस्तकाच्या मापाला कापलेले, दोन्ही बाजूंनी लिहिलेले. अक्षर टपोरं, एकही खाडाखोड नाही. प्रत्येक पानाखाली आकडा, सत्त्याण्णव ते एकशेबारा. छापील पान जिथं संपतं तिथंच तिचंही पान संपत होतं, त्यासाठी शेवटच्या ओळी कुठं दाटून लिहिल्या होत्या, कुठं पसरून. आणि सगळं मधोमध शिवलेलं होतं, बिडीला बांधतात त्या गुलाबी दोऱ्यानं.

"मोहोळला तिची बहीण दिलीय," ग्रंथपाल म्हणाले. "तिथल्या वाचनालयात एक प्रत सापडली. घरी द्यायला ते तयार नव्हते. तिथंच बसून उतरवून काढलं. चार खेपा केल्या म्हणत होती."

मी तिथंच उभ्याउभ्या ती सोळा पानं वाचली. त्या कादंबरीच्या मधली मी वाचलेली तेवढीच पानं. मौनबिन काही नव्हतं. भर दुपारी, पंगत बसलेली असताना थोरली डाव खाली ठेवते आणि बोलायला लागते. घरासाठी काय काय गिळलं, कुणी तिच्या नावावर काय खपवलं, कोण बघत असून गप्प बसलं, सगळं. सोळा पानं ती बोलते. धाकटी सगळं ऐकते आणि भात वाढत राहते. मग थोरली जाते. मागच्या कागदावर आमच्या सहा अभिप्रायांखाली अक्कानं लिहिलं होतं : 'थोरली गप्प गेली नाही. सगळं बोलून गेली.' खाली सही नव्हती.

मी ते पुस्तक बैठकीला नेलं. आज सांगून मोकळं व्हायचं, असं घोकत जिना चढले. पण मी तोंड उघडायच्या आत पुस्तक हातोहात फिरलं. अक्षराचं कौतुक झालं. दोऱ्याचं झालं. आणि अध्यक्ष समाधानानं म्हणाले, "बघा, चूक मान्य केली बिचारीनं. भरून दिलं म्हणजे कबुलीच की." सगळ्यांनी माना डोलावल्या. अक्कानं लिहिलेल्या त्या दोन ओळी कुणी वाचल्या नाहीत. त्या आमच्या सह्यांखाली होत्या, आणि आपली सही झाली की तिच्याखाली बघायची आमच्याकडे रीत नव्हती. चिवड्याची ताटली पुढं आली, ती मी पुढच्याला दिली.

त्याच आठवड्यात मी भवानी पेठेत गेले. मंडळापुढं जीभ रेटत नव्हती, निदान तिच्यापुढं तरी रेटेल असं वाटलं. ती अंगणात भिंतीला टेकून वाचत होती, समोर सूप घेतलेल्या बायका. मला बघून ती थांबली. बायकांचे हात मात्र चालूच राहिले.

"अक्का," मी म्हणाले, "मी ते पुस्तक वाचलंच नव्हतं. पानं होती की नव्हती, मला माहीतच नव्हतं. मी खोटं बोलले."

"ठावं हाय की, बाई."

"कधीपासून?"

"तवाच." तिनं वाचत होती तिथं बोट घालून पुस्तक मिटलं. "मी पानं कुटं मागितली होती? थोरलीचं काय झालं, एवढंच इचारलं. वाचलेल्या माणसानं तोंडानं सांगितलं असतं. तुमी म्हणालात, पानं होती. त्यात काय होतं ते एकानं बी सांगितलं न्हाय."

मी उभीच होते. बसा असं कुणी म्हणालं नाही, आणि मला परतही फिरवेना. काहीतरी बोलायचं म्हणून, इतक्या वर्षांच्या सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "सध्या काय वाचताय?"

तिनं कव्हर घातलेलं पुस्तक माझ्याकडे वळवलं नाही.

"तुमाला सांगून काय करू, बाई," ती म्हणाली, आणि बोट घातलेलं पान उघडून पुढं वाचायला लागली.