दुसरी बाही

बस स्थानकाच्या चौकशी खिडकीत बसणाऱ्या बाईंना अख्खं गाव चौकशीबाई म्हणायचं. खिडकीसमोर उभं राहिलं की आधी दिसायच्या दोन सुया, मग बाई.

"बाई, डोंगरावरची गाडी कधी?"

"सव्वासहा. फलाट तीन."

"जागा मिळेल?"

"डावीकडची खिडकी धरा. उजवीकडे दरी आहे, पोटात कालवतं."

एवढ्या बोलण्यात सुलट टाक्यांची एक ओळ पार पडलेली असायची. मग बाई सुई बदलत, माइकचं बटण दाबत आणि साऱ्या स्थानकाला गाडीची वर्दी देत. त्यांचे साहेब सुरुवातीला कुरकुरले होते, "बाई, ही कचेरी आहे की तुमच्या घराची ओसरी?" बाई म्हणाल्या, "साहेब, माझी चुकलेली एक वर्दी दाखवा, सुया आत्ता कपाटात ठेवते." साहेबांना काही सापडली नाही. पुढे पुढे तेच सकाळी खिडकीत डोकावून विचारू लागले, "काय बाई, आज काय सुरू केलंत?"

साहेबांचा प्रश्न अगदी बरोबर होता. काय झालं, असं बाईंना कुणी विचारतच नसे. झालेलं काही नसायचंच.

लोकर दिसली की बाई बाई उरत नसत. दुकानात शिरल्या की गुंडा उचलायच्या आणि थेट मानेला लावायच्या. गालाला नाही. "गाल लबाड असतो, त्याला सगळंच मऊ वाटतं. टोचतं की नाही ते मान सांगते," असं त्यांचं शास्त्र. गुंडा मानेला लागला की त्यांच्या डोळ्यांपुढे सगळं तयार दिसायचं: हा रंग, ही वेल, इथे जाळी, तिथे बटणं. घरी येईपर्यंतही धीर नसे, बसच्या सीटवरच टाके घालायला सुरुवात. आणि मग नव्याचे नऊ दिवस. दहाव्या दिवशी दुसऱ्या रंगाचा गुंडा मानेला लागलेला असायचा.

त्यांचे यजमान घड्याळजी. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. भिंग डोळ्याला लावून बसलेला हा माणूस एका वेळी एकच घड्याळ उघडायचा, आणि ते मिटल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो. असा माणूस आणि अशी बाई एका छपराखाली कशी नांदली, हे गावाला कोडं होतं. त्यांना स्वतःला नव्हतं.

"अगं, या उंच घड्याळाचा लंबक कुठे गेला?"

"तिथेच आहे. लोकरीखाली."

"घड्याळात लोकर?"

"बंदच होतं ना ते. एवढी छान जागा नुसती पडून होती."

त्या घड्याळाच्या पोटात सध्या मोहरीच्या रंगाच्या लडी होत्या. त्यांचं काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. पण ते फार सुंदर होणार होतं, एवढं ठरलं होतं.

यात खरी भरडली ती लेक. तिच्यासाठी जन्माआधी सुरू केलेलं टोपडं ती पाटी-दप्तर घेऊन शाळेत गेली तरी सुईवरच होतं. शाळेचा स्वेटर बगलेपर्यंत आला तेव्हा ती दोन इयत्ता पुढे गेली होती. "आईने माझ्यासाठी सगळं विणलं," ती मैत्रिणींना सांगायची, "फक्त मी थांबले नाही."

तीच लेक यंदा बसचालकाच्या परीक्षेत पहिली आली. त्या आगारात आजवर एकही बाई स्टिअरिंगला बसली नव्हती, आणि हिला नेमणूक मिळाली ती डोंगरावरच्या गाडीवर. पहाटेची थंडी, वळणं, आणि वर धुकं. खाकीवर गडद हिरवा स्वेटर हा नियम. लेक संध्याकाळी घरी आली ती एक पिशवी घेऊन.

"काय आणलंस?"

"स्वेटर. हिरवा. दुकानातला."

बाईंच्या हातातल्या सुया थांबल्या. घड्याळजींनी भिंग काढलं, कारण घरात सुयांचा आवाज थांबणं म्हणजे काहीतरी झालेलं असायचं.

"मी विणला असता."

"आई, तू सुरू केला असतास." लेक हसूनच म्हणाली, तिच्या मनात काही नव्हतं. "मला पहिल्या फेरीला दोन्ही बाह्या लागतील गं."

बाईंनी सुया पिशवीत ठेवल्या. पोरगी खोटं बोलली असती तर त्या भांडल्या असत्या. दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या वेळात त्या लोकरवाल्या आजींच्या दुकानात गेल्या आणि गडद हिरव्या लोकरीचे गुंडे मानेला न लावताच उचलले. आजींनी चष्मा कपाळावर चढवला.

"बरं वाटत नाहीये का?"

"हा पुरा करायचाय, आजी."

"बघ बाई. एक ना धड भाराभर चिंध्या, अशी तुझी ख्याती आहे."

पाठ झाली. पुढा झाला. गळ्याची पट्टी अशी बसली की साहेबांनीही वाकून पाहिली. पहिली बाही तर सुयांवरून आपणहून उतरल्यासारखी झाली. आणि मग आली दुसरी बाही.

विणणारी कुणीही सांगेल, खरा शत्रू तोच. पहिल्या बाहीत कुतूहल असतं: किती घट्ट, किती वाढवायची, मनगटाशी कशी आवळायची. दुसरीत कोडं नसतं. तेच टाके, तीच ओळ, जशीच्या तशी. बाई मनगटापासून चार बोटं वर आल्या आणि त्यांना जांभया येऊ लागल्या. घड्याळाच्या पोटातली मोहरी तर नुसती हाका मारत होती.

"जरा हात बदलते," त्यांनी स्वतःला बजावलं. एवढ्याशा हिरव्याने काय होतंय? एका गुंड्यातून माइकला झगा विणला. तो मात्र खरंच पूर्ण झाला. बाईंच्या आयुष्यातली ती एकमेव संपूर्ण वस्तू; माइकची पहिल्या शब्दाला वाजणारी शिटी बंद झाली आणि स्थानक म्हणालं, बाईंचा आवाज गोड झाला. मग थर्मासला अंगरखा, बुडाशिवाय. मग घड्याळजींना हिरव्या-मोहरी पट्ट्यांची कानटोपी. एका कानाची. ते तशीच घालून दुकानात बसायचे आणि गिऱ्हाइकांना सांगायचे, "दुसऱ्या कानाने ऐकायला मोकळा आहे."

मन रमल्यावर बाई पुन्हा बाहीकडे वळल्या, आणि कोपराच्या अलीकडेच लोकर संपली.

धावत आजींकडे. आजींनी हिरवा गुंडा काढून दिला. बाईंनी तो दारात, उजेडात, बाहीशेजारी धरला. त्यात निळसर झाक होती.

"लॉट बदलला," आजी म्हणाल्या. "रंग तोच, पाणी निराळं. तुझ्या लॉटमधलं काही उरलं नाही. दुकानातलाच घालू दे की पोरीला. कोण बघतंय?"

"ती बघेल."

पहिली फेरी परवावर आली होती. बाई खिडकीत परतल्या, खुर्चीत बसल्या आणि समोरच्या माइककडे बघत राहिल्या. माइक आपल्या हिरव्या झग्यात ऐटीत उभा होता. मग त्यांनी कात्री घेतली, झग्याची शेवटची गाठ शोधली आणि दोरा ओढला. टाके सर्रकन सुटत गेले. खिडकीसमोरच्या एका काकांचा जीव कासावीस झाला.

"अहो, चांगलं होतं की. का उसवताय?"

"चांगलं होतं म्हणूनच," बाई म्हणाल्या. "तुमची गाडी फलाट दोन."

संध्याकाळी घरात शिरल्या त्या हात पुढे करूनच.

"टोपी द्या."

"डोक्यावरची?"

"डोकं राहू द्या. टोपी द्या."

घड्याळजींनी टोपी काढली. त्यांच्या पुढ्यात एक मनगटी घड्याळ उघडं होतं, चाकं मखमलीवर मांडलेली. बाईंनी थर्मासचा अंगरखा उसवला, टोपी उसवली. हिरवं एकीकडे, मोहरी एकीकडे. पण उसवलेली लोकर कुरळी असते. ती तशीच विणली तर बाही वेडीवाकडी दिसणार. ती लडीत गुंडाळावी लागते, कोमट पाण्यात भिजवावी लागते, आणि ओझं बांधून टांगावी लागते, म्हणजे पीळ मोडतो.

"हात पुढे करा. लड घ्यायचीय."

घड्याळजींनी उघड्या घड्याळाकडे पाहिलं. मग त्यावर एक काचेची वाटी पालथी घातली आणि उठून बायकोसमोर दोन्ही हात ताठ करून बसले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी पहिल्यांदा काम अर्धवट सोडलं होतं. बाईंच्या ते लक्षात आलं. त्या दोरा त्यांच्या हातांभोवती फिरवत राहिल्या.

"ओझं काय बांधायचं?" घड्याळजींनी विचारलं.

"लंबक आहे ना. लोकरीखाली."

ओली हिरवी लड मोरीतल्या दांडीला लटकली आणि तिच्या टोकाला त्या बंद घड्याळाचा पितळी लंबक हळूहळू झुलू लागला. घड्याळजी टॉवेलला हात पुसत म्हणाले, "बघ, शेवटी चालवलंस त्याला."

सकाळी लोकर सरळ झाली होती. दिवसभर खिडकीत बाई तीच ओळ विणत होत्या, तेच टाके, जसेच्या तसे. जांभई एकदाही आली नाही. साहेबांनी डोकावून पाहिलं आणि काही न विचारता निघून गेले.

लेकीच्या पहिल्या दिवशी स्वेटर तिच्या खुर्चीच्या पाठीवर घातलेला होता. तिने तो उचलला आणि आधी उलटा केला, आत डोकावली. लहानपणी आईनेच शिकवलं होतं: विणकाम आतून बघावं, बाहेरून सगळेच नीटनेटके असतात. तिने शिवणीवरून बोट फिरवलं. टोकं मुरवलेली होती. मग तिने डावी बाही पाहिली. मग उजवी. मग पुन्हा उजवी.

"आई, ही झालीये."

"झालीये."

"पूर्ण?"

"घालून बघ. हात बाहेर येतो का ते कळेल."

हात बाहेर आला. बरोबर मनगटावर. लेकीने वळून बाबांकडे पाहिलं, तर ते भिंग पुसत होते आणि पुसायचे थांबत नव्हते. त्यांच्या उघड्या डोक्यावर तिची नजर गेली.

"बाबा, तुमची टोपी?"

"तुझ्या कोपराशी आहे."

तिने कोपर वाकवून पाहिलं, हसली, आणि मग तिला हसणं आवरावं लागलं कारण डोळे भरून येत होते.

सव्वासहा. चौकशीबाईंनी बटण दाबलं. झगा नसलेला माइक ओठांना गार लागला आणि पहिल्या शब्दाला पूर्वीसारखीच शिटी वाजली. नियमाप्रमाणे वर्दी दोनदा द्यायची असते. बाईंनी ती तीनदा दिली. साहेब दारात उभे होते, पण त्यांना ऐकू आलं नाही, असं त्यांनी ठरवलं.

फलाट तीनवरून गाडी मागे सरकली. चालकाच्या सीटवर पाठीला उशीसारखी एक हिरवी घडी होती. दुकानातला स्वेटर कामी आला होता. वळताना लेकीने खिडकीतून हात बाहेर काढून इशारा दिला. लांब, हिरवी, पुरी बाही. कोपरापासून वरचा भाग किंचित जास्त लवदार होता, धुतलेल्या लोकरीचा. तो एवढ्या लांबून दिसणं शक्य नव्हतं. बाईंना दिसला.

एक माणूस धापा टाकत खिडकीशी आला.

"डोंगरावरची गेली का हो?"

"आत्ताच गेली. माझी लेक घेऊन गेली."

"अरे देवा. पुढची कधी?"

"नवाला आहे," बाई म्हणाल्या. "पण ती दुसरा कुणीतरी चालवतो. थांबायचं असेल तर माझ्या लेकीची उद्या आहे, सव्वासहाला."

माणूस बाकावर जाऊन बसला. बाईंनी पिशवीत हात घातला, मोहरीच्या रंगाचा गुंडा बाहेर काढला आणि मानेला लावला.