गुडघं ढिल्लं सोड

भालकीहून उदगीरला जाणाऱ्या भरलेल्या बसमध्ये मी कडेच्या जागेवर बसून मैत्रिणीशी फोनवर बोलत होते. शनिवार-रविवार किनाऱ्यावरच्या मुल्कीला जायचं आणि समुद्राच्या लाटेवर फळी टाकून उभं राहायला शिकायचं, असा तिचा बेत होता. "चारचौघांत तोंडावर पडेन गं, मला भीती वाटते," म्हणून मी फोन ठेवला.

शेजारी साठीची एक बाई उभी होती. दोन्ही हातांत दह्याचं मडकं, आधाराला काहीच नाही. बस खड्ड्यांतून उडत होती, पण दही जागचं हलत नव्हतं.

"कामून भ्यायलीस माय?" तिनं विचारलं.

मी फळीचं सगळं समजावलं. तिनं माझ्या पायांकडे निरखून पाहिलं.

"गुडघं ढिल्लं सोड. हादऱ्यासंगं भांडू नगं, त्येला जाऊ दी. ऊठ, दावते."

मी उठले. पहिल्याच वळणाला कंडक्टरच्या अंगावर गेले, पुढच्या खड्ड्याला एका अप्पांच्या टोमॅटोच्या पिशवीवर. अख्खी बस हसली. ती मात्र हसली नाही.

"पडलीस न्हवं? मेलीस का? न्हाई ना? मंग पुन्ना उभी ऱ्हा."

तिसऱ्या खेपेला मी खरंच तोल सांभाळला. कौतुकासाठी वळून पाहिलं, तर ती माझ्या जागेवर, मडकं मांडीत घेऊन ऐसपैस बसलेली.

"झ्याक जमायलंय. उदगीरपत्तुर असंच ऱ्हा," म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

तिला शिकवायचं होतं की बसायचं होतं, देव जाणे. उदगीरला उतरल्या उतरल्या मी मैत्रिणीला मुल्कीची तिकिटं काढायला सांगितलं.