हुकमाविना उघडी भिंत

बुटाचे बंद जेवतानाही सोडायचे नाहीत. चहा बशीत ओतला की आधी घड्याळ बघायचं, मग बशी उचलायची. सायकल टेकवायची ती पुढचं चाक डावीकडे वळवूनच. कुणी नुसतं “कसं काय” विचारलं तरी उठून उभं राहायचं आणि मग “ठीक” म्हणायचं. आणि पाहुणा येणार म्हटलं की दारातल्या धोंड्यांनाही चुना फासायचा.

हिंदुराव हवालदारांच्या या सवयी उद्धवला पाठ झाल्या होत्या. उद्धव साहित्य घेऊन बीए झालेला. पिंपरीच्या एका कारखान्यात हजेरी लिहायचा. त्याच कारखान्याच्या गेटावर हिंदुराव पहारेकरी. मूळचे साताऱ्याकडचे, खडकीच्या पलटणीतून निवृत्त झालेले. लढाईत त्यांनी पूल बांधले होते. ते उद्धवला नावाने हाक मारत नसत. “काय बीए,” म्हणायचे, आणि दोघं सायकली हातात धरून चिंचवडपर्यंत चालत यायचे.

छप्पन साली हिंदुरावांना माजी सैनिक म्हणून सरकारी घरकर्ज मंजूर झालं. चिंचवड स्टेशनच्या अलीकडे प्लॉट घेतला, तो सरकारकडे गहाण पडला. जोत्याला पहिला हप्ता मिळाला. भिंती उभ्या राहिल्या की ओव्हरसीअर येऊन किंमत ठरवणार, मग छपराचा हप्ता. मार्चअखेर छप्पर चढलं नाही तर कर्ज रद्द, आणि प्लॉटही जाणार.

भिंती हिंदुरावांनी स्वतः बांधल्या. पहारा संपला की ओळंबा घेऊन उभे. दगड नाल्यातला, चुना बैलाने फिरवायच्या घाणीत दगडी चाकाखाली मळलेला. पलीकडच्या शेतकऱ्याचा बैल घाणीला जुंपायचा आणि बदल्यात त्याच्या विहिरीचा कठडा बांधून द्यायचा, असा करार होता. त्यांच्या पत्नी छबूबाई पाटी वाहायच्या. भिंत इतकी सरळ आली की गवंडीही थांबून बघायचे.

ओव्हरसीअर येणार त्याच्या आदल्या दिवशी हिंदुरावांनी घात केला. साहेबाची तपासणी म्हणजे सगळं पांढरं हवं, ही पलटणीची शिस्त. मळलेला चुना संपला होता. मग त्यांनी दगडावर मातीचा गिलावा केला, वरून सफेदी मारली आणि खाली गेरूचा पट्टा ओढला. घर नवरीसारखं दिसू लागलं. उद्धवनेही वाहवा केली.

ओव्हरसीअर आला. किल्लीने भिंत खरवडली. माती पडली. त्याने वहीत लिहिलं आणि गेला.

पंधरा दिवसांनी कागद आला. भिंती दगड-मातीच्या, किंमत निम्म्याहून कमी, हप्ता देता येत नाही. उद्धवने कागद दोनदा वाचून दाखवला.

“तो खरवडत होता तेव्हा तुम्ही कुठं होतात?”

“तिथंच. सावधानमधी.”

“मग सांगितलं का नाही, आत चुना आहे म्हणून?”

“त्यानं विचारलं न्हाई.”

छबूबाई चुलीपाशी होत्या. त्या वळल्याही नाहीत. “लढाईत बी कुणी विचारलं नसतं, तर हे तिथंच उभं असतं अजून,” म्हणाल्या.

उद्धवने अर्ज लिहिला. तीन पानी. त्यात मातृभूमी होती, रक्त होतं, कृतघ्नता होती. हिंदुरावांनी डोळे मिटून सगळा ऐकला.

“बीए, हा अर्ज हाय का कीर्तन?”

शेवटी चार ओळी राहिल्या. भिंत चुन्याची आहे. वरचा गिलावा मातीचा आहे. चूक माझी. पुन्हा पाहावी.

फेब्रुवारी सरता सरता ओव्हरसीअर पुन्हा आला. त्रासलेला होता. तोंडाने सांगितलेलं चालत नाही, म्हणाला, उघडून दाखवा. हिंदुराव आत गेले, छिन्नी-हातोडा घेऊन आले. दाराशेजारी छातीच्या उंचीवर त्यांनी आधी सुतळीने चौकोन आखला. हातभर लांब, हातभर रुंद. साहेबाला घाई होती, पण यांनी चारी कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहेत का ते तपासलं. मग आपल्याच भिंतीवर पहिला घाव घातला. उद्धवला बघवेना. छबूबाई मात्र बघत राहिल्या.

गिलावा उतरला. आतले दगड आणि त्यांच्यामधल्या चुन्याच्या दरजा दिसल्या. ओव्हरसीअरने दरजेत लोखंडी सळई खुपसली. ती आत जाईना. त्याने जोर लावला, सळई वाकली. तो पहिल्यांदाच हसला. “पक्कं आहे हो,” म्हणाला. “हे असंच राहू दे. मोठे साहेब येऊन बघतील. आम्ही कळवेपर्यंत बंद करू नका.”

मोठे साहेब आले नाहीत. त्यांना यावंसं वाटलं नसेल किंवा गरज पडली नसेल. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात हप्ता मात्र आला. मंगलोरी कौलं चढली. छबूबाईंनी पहिल्या दिवशी पुरणपोळी केली आणि उद्धवला चार खायला लावल्या.

चौकोन तसाच राहिला. हिंदुरावांनी एका डब्यात चुना विरवून ठेवला होता, चाळलेली वाळू शेजारी. डब्यातलं पाणी आटलं की ते पुन्हा भरायचे. उद्धव म्हणाला, हप्ता मिळाला, छप्पर झालं, आता बुजवून टाका. कोण विचारतंय?

“हुकूम न्हाई,” हिंदुराव म्हणाले.

छबूबाईंनी तिथं कॅलेंडर लावलं. हिंदुरावांनी ते हलक्या हाताने काढून दुसऱ्या भिंतीवर लावलं. साहेब अचानक आले तर झाकलेलं दिसायला नको. भिंत बंद करण्यास परवानगी मिळावी, असे दोन अर्ज उद्धवने लिहून दिले. उत्तर आलं नाही. ऑफिसात बहुधा हसले असतील. उद्धवही हसला होता. एकदा त्यांच्या तोंडावर.

दिवाळीला आठ दिवस होते. दुपारची शिफ्ट आत जात होती. हिंदुराव गेटापाशी उभे होते, ते स्टुलावर बसले. ड्युटीवर बसलेले त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून लोक धावले. डॉक्टर यायच्या आत सगळं आटोपलं होतं.

उद्धवने त्या दिवशीची हजेरी पूर्ण लिहिली. ती कशी लिहिली ते त्याला आजही सांगता येत नाही.

तेराव्यानंतर छबूबाईंनी त्याला बोलावलं. म्हणाल्या, “भावजी, तेवढं बुजवून घ्या आता. मला हात लावायचा धीर व्हत न्हाई.”

उद्धवने थापी घेतली. डब्याचं झाकण काढलं. चुना लोण्यासारखा झाला होता, वर चार बोटं स्वच्छ पाणी. दगडांवर त्याने पाणी शिंपडलं. दरजा पेन्सिलीने ओढल्यासारख्या सरळ होत्या. त्याने थापी खाली ठेवली. मग त्याने झाकण लावलं आणि छबूबाईंना सांगितलं की परवानगीचा तिसरा अर्ज आज घालतो.

त्या अर्जाचंही उत्तर अजून आलेलं नाही. दाराशेजारी हातभर भिंत उघडी आहे.